बहात्तर आलं तर बहात्तरच लिहा!

परवा लॅबमध्ये एका मुलीचं स्प्रिंगचं उत्तर आलं ७२ गिगापास्कल. पुस्तकात पोलादाचा मॉड्युलस ऑफ रिजिडिटी ८० च्या आसपास. तिने लगेच खोडरबर काढला आणि सीनियरचं जर्नल उघडलं!

मी म्हटलं, "थांब. तारेवरचा रंग खरवड आणि पुन्हा माप." ४.१ मिमीची तार ४.० निघाली. सूत्रात व्यासाचा चौथा घात, म्हणजे एवढ्याशा रंगाने उत्तरात दहा टक्के फरक! नवं उत्तर ७९.५. मग तिनेच विचारलं, "सर, स्प्रिंग तर आपण ताणतो, मग पिळाचा मॉड्युलस कशाला?" कारण स्प्रिंग ताणली की आतली तार पिळली जाते. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल? बोटांवर मोजण्याइतक्या.

दोष मुलांचा नाही, आम्हा मास्तरांचा. "एक्स्टर्नल येणार आहेत, रीडिंग नीट दिसू देत" असं मीही सांगितलंय. उत्तरावरून रीडिंग काढायला आम्हीच शिकवतो आणि वर इंजिनिअर घडवतो म्हणतो! उद्या हीच मुलं गाड्यांच्या स्प्रिंगा तपासून सह्या करणार आहेत.

असो. यंदा माझ्या बॅचमध्ये चुकलेल्या रीडिंगला मार्क आहेत, खोडलेल्याला नाहीत.