परदेशी बदकाला न्याय. दिव्यातील कोंबडीला केव्हा?

जुलै २०१४ मध्ये केंद्र सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने ‘फ्वा ग्रा’ या फ्रेंच पक्वान्नाच्या आयातीवर बंदी घातली. हे पक्वान्न म्हणजे बदकाचे वा हंसाचे चरबीने फुगवलेले यकृत. त्यासाठी पक्ष्याच्या घशात नळी खुपसून, भूक असो वा नसो, दिवसातून दोन-तीन वेळा मक्याचा लगदा पोटात ढकलला जातो. दोन-तीन आठवड्यांत यकृत कित्येक पटींनी सुजते. हा रोग हीच त्या ताटाची चव!

इस्रायल या पदार्थाचा मोठा उत्पादक होता. तरीही तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ही पद्धत बेकायदा ठरवली. कॅलिफोर्नियाने २००४ मध्ये कायदा करून तो २०१२ पासून अमलात आणला. फ्रान्सने मात्र २००६ मध्ये कायद्यानेच या पदार्थाला सांस्कृतिक वारसा म्हणून संरक्षण दिले. क्रौर्य जुने झाले की त्याची संस्कृती होते काय?

भारताने घातलेली बंदी अभिनंदनीयच आहे. पण ती सोपीही होती. पंचतारांकित हॉटेलांतील मोजकी गिऱ्हाइके सोडली, तर कोणाच्याच ताटाला तिची झळ लागली नाही. कसोटी आहे ती घराजवळ.

ठाणे आणि डोंबिवली यांच्या मधल्या दिव्यातच नव्हे, तर कोणत्याही उपनगरात पाहावे. पाय बांधलेल्या कोंबड्या दुचाकीच्या दोन्ही बाजूंना उलट्या लोंबकळत असतात आणि शेजारून शाळेत निघालेली मुले ते निर्विकारपणे पाहतात. हा गुन्हा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत चिकाटीने विषय लावून धरल्यामुळे झालेल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे अकरावे कलम अशा वाहतुकीला स्पष्ट मनाई करते. पण पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्याने ठरवलेला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! २०२२ मध्ये केंद्राने कायदादुरुस्तीचा मसुदा जनतेच्या सूचनांसाठी खुला केला. पण नुसत्या मसुद्याने कोंबडीच्या पायांची दोरी सुटत नाही.

‘हा खाण्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे,’ अशी ओरड होईल. ती फसवी आहे. कोणी काय खावे हा प्रश्न येथे नाहीच; खाण्यापूर्वी त्या जिवाचे हाल करण्याचा अधिकार कोणाला आहे, हा प्रश्न आहे. ‘गरीब दुकानदाराने काय करावे?’ असेही विचारले जाईल. पुरेशा जागेच्या हवेशीर पेटीतून पक्षी आणल्याने कोणाचा धंदा बुडत नाही.

गायीला घास आणि कावळ्याला पान वाढणारा हा समाज आहे. गोरक्षणासाठी रस्त्यावर उतरणाऱ्याची भूतदया कोंबडीपाशी येऊन थांबत असेल, तर तिला भूतदया म्हणता येणार नाही. पॅरिसच्या बदकासाठी हळहळणे सुखाचे असते, कारण त्यासाठी काहीच करावे लागत नाही. दिव्यातील कोंबडीसाठी मात्र दुकानदाराला हटकावे लागते, पोलीस चौकीची पायरी चढावी लागते आणि आपल्या लोकप्रतिनिधीला दंडवाढीचा जाब विचारावा लागतो. धर्म आचरणात असतो तो तिथेच.