धान्यखरेदीला जुन्या किमतींचे माप

सरकारने शेतकऱ्यांकडून आधारभूत किमतीने गहू-तांदूळ खरेदी करून तो स्वस्त धान्य दुकानांतून वितरित करावा, ही भारतातील अनेक दशकांची व्यवस्था आहे. तिच्या मर्यादांविषयीची चर्चा मात्र दिल्लीइतकीच जिनिव्हातही होत असते. जागतिक व्यापार संघटनेची १३वी मंत्रिस्तरीय परिषद २०२४ मध्ये अबु धाबी येथे झाली. सार्वजनिक धान्यसाठ्याच्या प्रश्नावर तेथेही सहमती होऊ शकली नाही. या प्रश्नावर २०१७ पर्यंत कायमस्वरूपी तोडगा काढण्याचे २०१३ च्या बाली परिषदेत ठरले होते. ती मुदत केव्हाच उलटून गेली आहे. या वादाच्या मुळाशी अनुदान द्यावे की नाही, यापेक्षा ते मोजावे कसे, हा प्रश्न आहे.

१ जानेवारी १९९५ पासून लागू झालेल्या कृषी करारानुसार धान्याचा साठा करण्यास किंवा गरिबांना ते स्वस्तात देण्यास मनाई नाही. मात्र सरकारने ठरवलेली खरेदी किंमत करारातील संदर्भ किमतीपेक्षा जास्त असेल, तर तो फरक व्यापार विकृत करणारे साहाय्य समजला जातो. विकसनशील देशांसाठी अशा साहाय्याची मर्यादा त्या पिकाच्या एकूण उत्पादन मूल्याच्या साधारणतः १० टक्के, तर विकसित देशांसाठी ५ टक्के आहे. अडचण अशी की, ही संदर्भ किंमत १९८६ ते १९८८ या काळातील आंतरराष्ट्रीय किमतींवर कायमची गोठवण्यात आली आहे.

याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, एखाद्या धान्याची संदर्भ किंमत १०० रुपये ठरली होती. आज जागतिक बाजारात त्याचा भाव ३२० रुपये आहे आणि सरकार शेतकऱ्याला ३०० रुपये देते. प्रत्यक्षात शेतकऱ्याला बाजारभावापेक्षा कमीच रक्कम मिळते. तरीही नियमानुसार २०० रुपयांचे साहाय्य दिल्याची नोंद होते. अवाजवी चलनवाढीचा विचार व्हावा, अशी तरतूद करारात आहे. तथापि तिचा अर्थ कसा लावायचा, याविषयी एकमत नाही.

मोजणीच्या पद्धतीने किती फरक पडतो, हे २०१८ मध्ये प्रकर्षाने दिसून आले. अमेरिकेने त्या वर्षी कृषी समितीत भारताविरुद्ध प्रतिसूचना दाखल केली. २०१०-११ ते २०१३-१४ या वर्षांत भारताने तांदळाला ७० टक्क्यांहून अधिक आणि गव्हाला ६० टक्क्यांहून अधिक साहाय्य दिले, असा तिचा दावा होता. भारताने कळवलेले प्रमाण मात्र १० टक्क्यांच्या आत होते. भारताने प्रत्यक्ष खरेदी केलेले धान्य हिशेबात धरले आणि किमती डॉलरमध्ये मोजल्या. अमेरिकेने संपूर्ण उत्पादन धरले आणि किमती रुपयांत मोजल्या. धोरण एकच असताना दोन हिशेबांतून दोन अगदी भिन्न निष्कर्ष निघाले.

बाली येथे ठरलेल्या 'शांतता कलमा'मुळे भारताला तात्पुरते संरक्षण मिळाले. मर्यादा ओलांडली गेली तरी पारंपरिक अन्नधान्याच्या साठ्याच्या योजनेविरुद्ध तक्रार करायची नाही, असे सदस्यांनी मान्य केले. हे संरक्षण कायमचा तोडगा निघेपर्यंत चालू राहील, ही स्पष्टता मिळवण्यासाठी भारताने २०१४ मध्ये व्यापार सुलभीकरण कराराला दिलेली संमती रोखून धरली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती स्पष्टता मिळवली. २०१८-१९ मध्ये तांदळाच्या बाबतीत भारताने १० टक्क्यांची मर्यादा ओलांडली आणि या कलमाचा आधार घेतला. असे करणारा तो पहिला देश ठरला.

मात्र हे कलम डिसेंबर २०१३ पूर्वीच्या योजनांनाच लागू आहे आणि त्यासाठी तपशीलवार माहिती सादर करावी लागते. दुसरीकडे, पूर्वी मोठी अनुदाने देणाऱ्या देशांना करारातच मोठा हक्क मिळालेला आहे. अमेरिकेचा असा हक्क वर्षाला सुमारे १९ अब्ज डॉलर आहे. म्हणजे ज्यांनी आधीच भरपूर अनुदाने दिली होती, त्यांना नियमांत अधिक मोकळीक मिळाली, असे विकसनशील देशांचे म्हणणे आहे.

निर्यातदार देशांचा आक्षेपही दुर्लक्षणीय नाही. भारत हा जगातील सर्वात मोठा तांदूळ निर्यातदार आहे. सरकारी आधाराने वाढलेले उत्पादन परदेशी बाजारात आले, तर इतर देशांतील शेतकऱ्यांना मिळणारे भाव पडतील, अशी त्यांना भीती वाटते. साठ्यातील धान्यामुळे व्यापारात विकृती येऊ नये, ही अट याच चिंतेतून शांतता कलमात घालण्यात आली.

हे कलम ज्या पिकाला लागू नाही, त्याचे काय होते, हे उसाच्या प्रकरणावरून दिसते. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारींवरील निवाडा डिसेंबर २०२१ मध्ये भारताच्या विरोधात गेला. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर सरकार नव्हे, तर साखर कारखाने देतात, हा भारताचा युक्तिवाद होता. दर कायद्याने ठरवला जात असल्याने ते साहाय्यच होय, असे निवाडा मंडळाने मानले. महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातील ऊस उत्पादकांशी थेट निगडित असलेल्या या निर्णयावर भारताने जानेवारी २०२२ मध्ये अपील केले. परंतु अमेरिकेने नेमणुका रोखल्यामुळे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प झाले होते. परिणामी हा निवाडा अंमलात येण्याआधीच अडकून पडला.

संदर्भ किंमत अद्ययावत करावी किंवा अन्नसुरक्षेसाठीची खरेदी या हिशेबातून वगळावी, अशी विकसनशील देशांच्या जी-३३ गटाची मागणी आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वये भारतात सुमारे ८१ कोटी लोकांना दरमहा धान्य मिळण्याची तरतूद आहे. एवढ्या मोठ्या व्यवस्थेचे भवितव्य तात्पुरत्या सवलतीवर अवलंबून राहणे भारताच्या दृष्टीने हिताचे नाही. निर्यातदारांच्या शंकांचे निरसन साठ्याविषयीच्या पारदर्शक माहितीने होऊ शकते. साडेतीन दशकांहून अधिक जुन्या किमतींना आजचे माप मानल्याने मात्र ते होणार नाही.