बाबांसोबत सव्वासातची गाडी

बाबांना घेऊन मी जातो कुठे? डॉक्टर, लॅब, बँक. बस्स! गेल्या शनिवारी मात्र कार घरीच ठेवली आणि पुण्याहून सव्वासातची डेक्कन क्वीन पकडली. १९३० पासून धावणारी ही राणी. बाबांनी तिच्यातून पंधरा वर्षं अप-डाऊन केलेलं. डायनिंग कारमध्ये चीज टोस्ट समोर आला आणि एरवी ‘हं’, ‘बरं’वर भागवणारे बाबा एकदम सुटलेच! घाटातला बोगदा न् बोगदा त्यांना पाठ. कानाचं मशीन खिशात, पण बोलायला ते कशाला लागतंय? पहिल्यांदाच मी नुसता ऐकत होतो. उतरताना म्हणाले, “पुढच्या वेळी बिल मी देणार हं.” पुढची वेळ! मंडळी, तारीख मी लगेच मोबाइलमध्ये टाकलीय. तुम्ही कधी टाकताय?