जगाचा कानोसा : सामाईक दिव्याचें तेल

घरांत सर्वांसाठीं तेवणाऱ्या दिव्यांत तेल कोण घालतें, हें दिवा जळत आहे तोंवर कोणी विचारीत नाहीं. तो विझला म्हणजे चौकशी सुरू होते. ऑस्ट्रेलियांतील मिल्डुरा येथें टेलिव्हिजनच्या बाबतींत असेंच झालें.

मिल्डुरा हें व्हिक्टोरिया प्रांताच्या वायव्य टोंकास, मरे नदीच्या कांठीं वसलेलें शहर. १८८७ सालीं चॅफी बंधूंनीं नदीचें पाणी खेळवून येथें वसाहत उभी केली. द्राक्षें, बेदाणे व संत्रीं यांचें हें माहेरघर. मेलबर्न येथून ५०० किलोमीटरांहून अधिक दूर. छपरावर साधी अँटेना लावली कीं मनोऱ्यावरून येणारे कार्यक्रम वर्गणीवांचून दिसावेत, अशी त्या देशांतील जुनी रीत. एबीसीसारख्या सार्वजनिक संस्थेचा खर्च सरकारी तिजोरींतून चालतो. खाजगी वाहिन्यांचा जाहिरातींवर.

३० जून २०१० रोजीं जुन्या पद्धतीचें प्रक्षेपण बंद करून पूर्णपणें डिजिटल होणारा देशांतील पहिला भाग होण्याचा मान ह्याच मिल्डुरास मिळाला. त्या वेळीं सरकारनें एक शहाणपण केलें. वृद्ध व अपंग निवृत्तिवेतनधारकांपैकीं पात्र असणारांच्या घरीं नवीन पेटी मोफत पोंचविली. ती जोडून, कशी चालवावी हेंहि शिकविलें. जुना दिवा मालवण्यापूर्वीं नवा लावून दिला.

पुढें बरोबर चौदा वर्षांनीं, ३० जून २०२४ रोजीं, तेथें ‘टेन’ जाळ्याचे कार्यक्रम दाखविणारें केंद्र कायमचें बंद पडलें. दोन कंपन्या २००६ पासून तें भागीदारींत चालवीत होत्या. आतां तें परवडेना.

त्यांना सर्वस्वी दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. मनोऱ्याची वीज व दुरुस्ती प्रेक्षक थोडे म्हणून कमी होत नाहीं. जाहिरातींचा पैसा मात्र टेलिव्हिजन सोडून इंटरनेटकडे वळला आहे. व्यापाऱ्यानें सदैव तोटा सोसावा, असें कोणी म्हणूं शकत नाहीं.

“मग उपग्रह आहे, इंटरनेट आहे, अडलें कोठें?” असें आमचे तरुण वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. मनोऱ्याच्या लहरी न पोंचणाऱ्या वस्त्यांसाठीं उपग्रहाची सोय तेथें २०१० पासून आहेच. परंतु उपग्रहास तबकडी व वेगळी पेटी लागते. इंटरनेटची वर्गणी दरमहा चुकत नाहीं. ज्या आजीबाईंस एक बटण दाबून बातम्या पाहण्याची संवय, तिला ह्या वाटा सांगून भागत नाहीं. हात धरून तेथपर्यंत न्यावें लागतें. २०१० मध्यें जें सुचलें, तें पुन्हां सुचावयास हवें.

मनोराच टिकला पाहिजे असा आमचा हट्ट नाहीं. आपल्या देशांतहि दूरदर्शनचे बहुतेक जुने मनोरे २०२२ पर्यंत बंद झाले. पण त्यापूर्वींच, २००४ पासून, डीडी फ्री डिश ही उपग्रहाची सेवा सुरू होती. तबकडी व पेटी एकदां विकत घ्यावी. पुढें मासिक वर्गणी नाहीं. आमच्या सह्याद्री वाहिनीचा लाभ त्यामुळें आडगांवच्या घरासहि होतो. मनोरा गेला तरी उंबरठा राहिला. महत्त्व आहे तें उंबरठ्याचें.

वस्ती विरळ म्हणून राष्ट्राच्या सामाईक गोष्टींतला वांटा कमी धरावयाचा काय, हा खरा प्रश्न आहे. बाजाराचा हिशेब डोकीं मोजून होतो. कुटुंबाचा तसा होत नाहीं. माजघरांत दहाजण बसतात व मागील दारच्या खोलींत आजी एकटीच असते, म्हणून त्या खोलींतलें तेल कोणी आधीं तोडीत नाहीं. काटकसर करणें भागच पडलें, तर तिच्या उशाशीं दुसरा दिवा ठेवून मगच पहिला उचलतात. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हें वेगळें सांगावयास नको.