मध्यमवर्गीयांच्या घरासाठी सरकारी पैसा कुठे गेला?

2023 साली म्हाडाच्या मुंबई मंडळाच्या 4082 घरांसाठी सुमारे 1 लाख 20 हजार कुटुंबांनी अनामत भरून अर्ज केले. 2024 साली घरे निम्म्यावर आली, 2030 झाली. अर्जदार मात्र फारसे घटले नाहीत, तेव्हाही ते लाखाच्या वर होते. शिक्षक, परिचारिका, बँकेतले लिपिक, बेस्टचे कर्मचारी असे आपल्यातलेच लोक दर सोडतीला नव्याने रांगेत उभे राहतात. सोडत पारदर्शक झाली, संगणकीकृत झाली, हे चांगलेच आहे. पण घरे इतकी थोडी का आणि इतकी महाग का, याचे उत्तर सोडतीच्या पद्धतीत सापडणार नाही. ते पैशात आहे. घरबांधणीसाठी दीर्घ मुदतीचा, कमी व्याजाचा सार्वजनिक पैसा देण्याची जबाबदारी सरकारने सोडून दिली, आणि तिचे ओझे आता आपण वाहतो आहोत.

1. हे काम सरकारने एकेकाळी अंगावर घेतले होते. 1948 च्या कायद्याने मुंबईत गृहनिर्माण मंडळ उभे राहिले. केंद्राने 1952 साली औद्योगिक कामगारांसाठी, 1954 साली अल्प उत्पन्न गटासाठी आणि 1959 साली मध्यम उत्पन्न गटासाठी घरबांधणीच्या योजना आणल्या. 1959 च्या योजनेसाठी राज्यांना कर्ज मिळाले ते आयुर्विमा महामंडळाकडून. मध्यमवर्गीय माणूस पगारातून विम्याचा हप्ता भरत होता, आणि त्याच बचतीतून त्याच्यासारख्यांची घरे उभी राहत होती. विक्रोळी, घाटकोपर, चेंबूर, वांद्रे, गोरेगाव इथल्या मंडळाच्या वसाहतींत कित्येक मराठी कुटुंबांच्या दोन-दोन पिढ्या शिकल्या, नोकरीला लागल्या. देश तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होता. त्या गरीब देशाला जे परवडले, ते आजच्या महाराष्ट्राला परवडत नाही असे कोणी म्हणत असेल, तर त्याने आधी हिशेब मांडावा.

2. आणि हिशेब अवघड नाही. राज्याच्या 2022 च्या निर्णयानुसार मुंबई महानगर प्रदेशात वार्षिक 9 ते 12 लाख रुपये कौटुंबिक उत्पन्न असलेले कुटुंब मध्यम उत्पन्न गटात मोडते. म्हणजे महिन्याला 75 हजार ते 1 लाख. 50 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 43 हजार येतो. शाळेची फी, आईवडिलांचे औषधपाणी, रेल्वेचा पास आणि किराणा यांतून एवढा हप्ता कसा निघणार? तेच कर्ज सहा टक्क्यांनी 25 वर्षांसाठी मिळाले, तर हप्ता 32 हजारांवर येतो. घर तेच, सिमेंट तेच, गवंड्याची मजुरीही तीच. महिन्याचा 11 हजारांचा फरक केवळ व्याज आणि मुदत यांचा आहे, आणि या दोन्ही गोष्टी ठरवणे सरकारच्या हातात आहे.

3. केंद्राने व्याज अनुदान दिले होते, पण मध्यम उत्पन्न गटासाठीची ती योजना 31 मार्च 2021 ला संपली. 2024 साली प्रधानमंत्री आवास योजनेचा दुसरा टप्पा आला. त्यातले व्याज अनुदान 9 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, 35 लाखांपर्यंतच्या घरासाठी, जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार रुपये. मुंबईत 35 लाखांत कुटुंबाला पुरेसे घर कुठे मिळते, हे ही मर्यादा ठरवणाऱ्यांनी सांगावे. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की आपल्या राज्याचा मध्यम गट 9 लाखांवर सुरू होतो आणि केंद्राचा नेमका तिथेच संपतो. दोन सरकारांच्या दोन व्याख्यांमध्ये मुंबईचा आख्खा मध्यमवर्ग हरवला आहे.

4. किमतीचे काय? पुनर्विकासातून म्हाडाला मिळालेल्या घरांची किंमत रेडी रेकनरच्या, म्हणजे बाजाराच्या आधाराने ठरते. म्हणून 2023 च्या सोडतीत ताडदेवला साडेसात कोटींचे घर निघाले. 2024 साली ओरड झाल्यावर अशा 370 घरांच्या किमती 10 ते 25 टक्क्यांनी उतरवल्या गेल्या. निर्णय योग्यच होता. पण नुसत्या ओरडीने जी किंमत पाव हिश्शापर्यंत खाली येते, ती मुळात बांधकामाच्या खर्चावर बेतलेली नव्हती हे उघड आहे. नवी मुंबईत सिडकोने 26 हजार घरांसाठी आधी अर्ज घेतले आणि किमती नंतर, जानेवारी 2025 मध्ये सांगितल्या. वाशीतले सव्वातीनशे चौरस फुटांचे घर 74 लाखांचे निघाले. जमीन सार्वजनिक, संस्था सार्वजनिक, मग भाव बाजाराचा कशासाठी? कारण या संस्थांना तिजोरीतून भांडवल मिळत नाही आणि त्यांना आपला खर्च जमीन-घरांच्या विक्रीतून काढावा लागतो. बाजारभावाने विकणारी सरकारी संस्था हा आणखी एक विकासकच झाला.

5. बरे, या संस्थांकडे जमलेला पैसा तरी घरांसाठी राहतो का? समृद्धी महामार्गासाठी म्हाडासह राज्याच्या अनेक संस्थांकडून पैसा उचलला गेला. रस्ता हवाच. पण रस्त्याचा खर्च घरांच्या गल्ल्यातून का? जमिनीचीही हीच गत झाली. 1991 च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा म्हाडाला घरांसाठी मिळायचा होता. 2001 साली नियम बदलून तो हिशेब केवळ मोकळ्या जागेपुरता उरला, 2006 साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला, आणि परळ-लोअर परळला काय उभे राहिले ते आपण रोज पाहतो. आता गोरेगावच्या मोतीलाल नगरची 143 एकर जमीन पुनर्विकासाला निघाली आहे. त्यातून म्हाडाला सुमारे 3 लाख 97 हजार चौरस मीटर बांधीव क्षेत्र मिळायचे आहे. त्यातले किती मध्यम उत्पन्न गटाला आणि कोणत्या भावाने, हे आजच लेखी ठरले पाहिजे. गिरण्यांच्या वेळी आपण उशिरा जागे झालो.

6. यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो प्रामाणिक आहे. झोपडपट्टीत लाखो लोक राहत असताना मध्यमवर्गासाठी सरकारने पैसा का खर्चावा? पण इथे मागणी कर्जाची आहे, आणि पगारदार माणूस ते व्याजासह फेडतो. अनुदानाचा पैसा गरिबांसाठीच राहावा. शिवाय मध्यमवर्गाला घर मिळाले नाही तर तो गप्प बसत नाही, खालच्या गटासाठीचे घर तो वाढीव भावाने विकत घेतो आणि तिथला माणूस आणखी लांब ढकलला जातो. गरिबांच्या नावाने सांगितले जाते तेही तपासून पाहा. 2025 च्या राज्य गृहनिर्माण धोरणात 35 लाख घरे आणि 70 हजार कोटींची गुंतवणूक जाहीर झाली. भागाकार केला तर एका घरामागे 2 लाख रुपये येतात. एवढ्यात घराचा पायासुद्धा होत नाही.

7. दुसरा आक्षेप विरार-बोळींजचा. तिथे म्हाडाची हजारो घरे वर्षानुवर्षे विकली गेली नाहीत, मग आणखी बांधायची कशाला? ती पडून राहिली याचे मोठे कारण पाणी. इमारत एका खात्याची आणि नळ दुसऱ्या खात्याचा, अशी कामे झाली की सार्वजनिक पैसा अडकून पडतो. म्हणून पाणी आणि रेल्वे यांची हमी मिळाल्याशिवाय अशा प्रकल्पाला एक रुपयाही मंजूर होता कामा नये.

8. पैसा उभा करण्याचे मार्ग माहीत नाहीत असे नाही. मुंबईत घर घेणारा माणूस मुद्रांक शुल्काबरोबर मेट्रोसाठी एक टक्का अधिभार भरतोच. तसाच अर्धा टक्का कोट्यवधींच्या घरांवर लावून तो गृहनिर्माण निधीत का जाऊ नये? पुणे महापालिकेने 2017 साली पाण्याच्या योजनेसाठी 200 कोटींचे कर्जरोखे काढले आणि ते घेतले गेले. राज्याची हमी असेल तर म्हाडाच्या 25 वर्षांच्या रोख्यांनाही विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी पैसे देतील. त्यातून बांधलेल्या घराची किंमत बांधकामाचा खर्च, व्याज आणि नाममात्र भुईभाडे एवढीच असावी. आज सोडतीतले घर पाच वर्षे विकता येत नाही. त्यापुढेही विकताना नफ्यातला ठरावीक वाटा निधीत परत यावा, म्हणजे त्याच पैशातून पुढच्या कुटुंबाचे घर बांधता येईल. हा निधी अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली दिसला पाहिजे आणि दुसऱ्या कामासाठी वळवता येणार नाही असे कायद्यात लिहिले पाहिजे. येत्या मार्चच्या अर्थसंकल्पात असे शीर्ष आहे की नाही, हे आपल्या मतदारसंघाच्या आमदाराला पत्र लिहून विचारा आणि उत्तरही लेखीच मागा.