फोडणीपूर्वीचा वाटा

आमच्या शेजारच्या आजी दुपारची उरलेली भाजी पोळीच्या कुस्कऱ्यात कालवून घरच्या पॉमेरेनियनला घालीत असत. नुसती पोळी तो हुंगूनही पाहत नसे. एकदा पीठ पेरलेली कांद्याची भाजी दोन दिवस पुरली. चौथ्या दिवशी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, हिरड्या फिकट पडल्या आणि जिना चढताना त्याला धाप लागू लागली. पशुवैद्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आहाराचा. उपचारांनी तो बरा झाला. भाजीने कुत्रा आजारी पडतो हे आजींना मात्र पटेना, आणि एका अर्थी त्यांचे खरेच होते.

दोष कांद्याचा होता. कांदा, लसूण आणि कांद्याची पात यांतील गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवल्याने किंवा वाळवल्याने हा गुण जात नाही, त्यामुळे लसणीची चटणी वा मसाल्यातली कांद्याची पूडही वर्ज्यच. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा अपाय करू शकतो. म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याला एक मध्यम कांदा पुरे. लसूण त्याहून तीव्र. शिवाय लक्षणे बहुधा काही दिवसांनी दिसतात आणि तोवर काय घातले होते, याचा घरात विसर पडलेला असतो.

म्हणून कुत्र्याचा वाटा विळीपाशीच, कढई तापण्यापूर्वी काढावा. गाजर, काकडी, फरसबी, लाल भोपळा, दुधी यांपैकी जे चिरत असाल त्यातले थोडे. मीठ, तिखट, तेल काही नको. भोपळा व दुधी वाफवून द्यावेत. दुधीचा कण आधी स्वतः चाखावा, कडू लागला तर तो माणसांनीही खाऊ नये. गाजर मात्र लहान तुकडे करूनच द्यावे, कारण अधाशी कुत्रा न चावता गिळतो आणि जाड चकती घशात अडकते. कच्च्या गाजराचे तुकडे विष्ठेत जसेच्या तसे दिसले तर घाबरू नये. किसून वा वाफवून दिल्यास ते अधिक पचते.

खाऊ दिवसभराच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावा. दहा किलोच्या कुत्र्याला हे साधारण साठ उष्मांक होतात. तीन ग्लुकोज बिस्किटांत ते संपतात. गाजर असेल तर दीडशे ग्रॅमपर्यंत मजल जाते. एवढे देण्याची गरज नाही, पण लठ्ठ कुत्र्याच्या आर्जवी डोळ्यांपुढे विरघळणाऱ्यांना हा हिशेब उपयोगी पडावा. मूतखड्याचा त्रास असलेल्या कुत्र्याला पालक वा बीट पशुवैद्यांना विचारल्याविना देऊ नये. हिरवट किंवा मोड आलेला बटाटा कुणालाच नको.

पावसाळ्यात आणखी एक दक्षता घ्यावी. मक्याचे उकडलेले दाणे चालतात, पण दाणे खाऊन टाकलेला बुरकुंडा कुत्रा चघळून गिळतो, तो आतड्यात अडकतो आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून निघत नाही. कचऱ्याच्या डब्याला झाकण हवेच.

कांदा पोटात गेल्याचे कळताच मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. तो स्वतःच घातक ठरतो. कुत्र्याचे वजन, काय व किती खाल्ले आणि केव्हा, एवढे कागदावर टिपून लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांना दूरध्वनी करावा.