टीव्हीमागची काडी आणि घरचे खाते

परंड्याच्या जुन्या गावठाणातील व्यापारी घर म्हटले की एक चित्र डोळ्यांसमोर येते. रस्त्याच्या अंगाला दुकान, त्यामागे राहते घर, मध्ये जाड भिंती, आणि अलीकडे त्या घरात बहुधा वडीलधारी दोघेच. मुले पुण्याला वा सोलापूरला, नातवंडे त्याहूनही दूर. दिवाळीला नातू येतो, टीव्हीच्या पाठीमागे बोटभर लांबीची काडी खोचतो, आपल्या मोबाइलवर काहीतरी टिचक्या मारतो आणि आजीच्या हाती नवा छोटा रिमोट देतो. चार दिवस सर्व काही उत्तम चालते. सुट्टी संपून तो परतला की दोन-तीन आठवड्यांत पडद्यावर एक चौकट उमटते, पासवर्ड मागते. आणि आजी मुकाट्याने पुन्हा केबलचा रिमोट हाती घेतात. तीन-चार हजारांची वस्तू भिंतीला लटकत राहते.

असे घडले की दोष काडीला दिला जातो, किंवा आजींच्या वयाला. वास्तविक दोष दोघांचाही नसतो. घरातील कोणीही हे लक्षात घेतलेले नसते की ही काडी लावणे म्हणजे केवळ उपकरण जोडणे नव्हे. ते एक खाते उघडणे आहे.

हा फरक समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागले तेव्हा ज्यांच्या घरी संच होता त्यांच्या ओसरीत अर्धी गल्ली जमत असे. पुढे केबल आली, छतांवर छत्र्या आल्या. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने स्वतःची विनाशुल्क छत्रीसेवा सुरू केली. या साऱ्या साधनांत एक गोष्ट समान होती. जे आकाशातून वा तारेतून येत होते ते सर्वांसाठी एकच होते. कोण पाहतो आहे याची चौकशी पडदा करीत नव्हता. काडीचे तसे नाही. आपल्याकडे २०१७ च्या एप्रिलमध्ये फायर टीव्ही स्टिक ३,९९९ रुपयांना विक्रीस आली, आणि तिच्या पाठोपाठ इतर कंपन्यांच्या काड्या व छोट्या पेट्या आल्या. ही उपकरणे इंटरनेटवरून एका विशिष्ट ग्राहकासाठी, त्याच्या नावाने, त्याने भरलेल्या वर्गणीपुरते चित्र मागवून आणतात. म्हणून पहिला प्रश्न हाच, की ग्राहक कोण?

तत्पूर्वी जोडणीचा भाग उरकून घ्यावा. तो वाटतो तितका अवघड नाही. टीव्हीच्या मागे किंवा बाजूस एचडीएमआय असे लिहिलेली चपटी खाच असते, तीत काडी बसते. जुन्या पाठीमागे फुगीर असलेल्या संचांना अशी खाच नसते. त्यांना केवळ पिवळ्या, पांढऱ्या व लाल रंगाची गोल छिद्रे असतात. मध्ये रूपांतर करणारी डबी बसवून तेथेही चित्र आणता येते, परंतु अक्षरे अस्पष्ट दिसतात, आणि वृद्धांच्या डोळ्यांना त्याचा त्रासच अधिक. अशा घरी आधी संच बदलण्याचा विचार करावा. उलट, घरचा टीव्ही अलीकडचा स्मार्ट टीव्ही असेल आणि त्यावरील अ‍ॅप नीट चालत असतील, तर काडीची गरजच नाही. फोर-के दर्जाची महाग काडी साध्या संचावर लावण्यात काही लाभ नाही. चित्राची प्रत संचाच्या पडद्यापलीकडे जाऊ शकत नाही.

काडीला वीज तिच्यासोबत आलेल्या अ‍ॅडॅप्टरनेच द्यावी. टीव्हीच्या यूएसबी खाचेतून वीज घेतली तर वायर कमी दिसते, हे खरे. पण त्या खाचेतून येणारा प्रवाह पुष्कळदा अपुरा पडतो, आणि काडी ऐन वेळी बंद होऊन पुन्हा सुरू होत राहते. यानंतर टीव्हीच्या रिमोटवरील ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटण दाबून योग्य क्रमांकाचे एचडीएमआय निवडायचे. निम्म्या घरांत ‘काडी बिघडली’ या तक्रारीचे मूळ एवढेच असते, की कोणीतरी हे बटण दाबून पडदा दुसऱ्या खाचेवर नेलेला असतो.

खरी अडचण वायफायची. राउटर पुढे दुकानात, टीव्ही मागे माजघरात आणि मध्ये दगडमातीची दीड-दोन फुटांची भिंत, अशी रचना असेल तर लहरी वाटेतच मंदावतात. बहुतेक राउटर दोन प्रकारचे वायफाय देतात. ५ गिगाहर्ट्झचे वेगवान असते, पण भिंतीपुढे नमते, २.४ गिगाहर्ट्झचे संथ असले तरी भिंतीपलीकडे अधिक पोहोचते. जुन्या घरात दुसरेच निवडावे, किंवा राउटर दाराच्या रेषेत उंचावर आणावा. स्वच्छ चित्रासाठी सेकंदाला ५ मेगाबिटचा वेग पुरेसा होतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे चालवू पाहणाऱ्यांनी एक हिशेब करावा: उत्तम प्रतीचे चित्र तासाला ३ जीबीपर्यंत डेटा घेते. रोज दीड जीबीचे रिचार्ज असेल तर अर्ध्या तासात त्या दिवसाचा साठा संपू शकतो, आणि सायंकाळी दुकानाचे यूपीआय व्यवहार अडखळू लागतात. वीज जाण्याचाही विचार हवा. वीज परत आली की टीव्ही लगेच उजळतो, राउटरला मात्र जागे होण्यास दोन-तीन मिनिटे लागतात. तोवर पडदा ‘इंटरनेट नाही’ असे सांगतो. ही गोष्ट घरी आधीच समजावून ठेवली नाही तर त्या तीन मिनिटांत सारी बटणे दाबली जातात आणि मांडणी विस्कटते. राउटरपुरता बॅटरीचा छोटा डबा मिळतो, तो लावणे उत्तम.

पहिल्यांदा सुरू करताना काडी स्वतःची नवी आवृत्ती उतरवून घेते. त्यास पंधरा-वीस मिनिटेही लागू शकतात. त्या काळात वीज काढू नये.

आता खात्याकडे. बहुतेक घरांत नातू किंवा मुलगा आपल्याच खात्याने काडी सुरू करून देतो. हेतू प्रेमाचा असतो, परंतु परिणाम विपरीत होतो. नवा पासवर्ड ठरला, संशयास्पद वापराची सूचना निघाली, काही पुष्टी हवी झाली, की ओटीपी पुण्याच्या मोबाइलवर जातो आणि परंड्याच्या पडद्यावर चौकट वाट पाहत बसते. शिवाय एका घरचे खाते दुसऱ्या घरी वापरणे आता अनेक कंपन्यांना मान्य नाही. नेटफ्लिक्सने २०२३ च्या जुलैमध्ये भारतात जाहीर केले की एक खाते एकाच घरातील माणसांसाठी आहे. पुण्याच्या वर्गणीवर परंड्याचा टीव्ही कायमचा चालवावा, ही सोय त्या दिवशी संपली. आणखी एक गल्लत नेहमी होते. मोबाइलपुरत्या स्वस्त वर्गण्या टीव्हीवर चालत नाहीत. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन तसाच आहे. रिचार्जसोबत फुकट मिळालेली वर्गणीही कधी कधी फोनच्या पडद्यापुरतीच असते. अटी वाचल्यावाचून पैसे भरू नयेत.

म्हणून खाते जो माणूस रोज त्या टीव्हीसमोर बसणार त्याच्या नावाने, त्याच्याच चालू मोबाइल क्रमांकावर उघडावे. घरातील पुरुषाच्या क्रमांकावर सर्व खाती आणि घरातील स्त्री प्रत्येक ओटीपीसाठी दुकानात हाक मारणार, ही पद्धत व्यापारी घरांत रुळली आहे. ती येथे तरी मोडावी. यात केवळ सोयीचा प्रश्न नाही. कर्ता पुरुष गेला की त्याचे कार्ड बंद होते, त्यावरील आपोआप होणाऱ्या वजावटी थांबतात, रिचार्जअभावी त्याचा क्रमांक बंद पडतो, आणि किमान ९० दिवसांनंतर तो क्रमांक दुसऱ्या कोणालाही मिळू शकतो. ज्या वेळी एकट्या राहिलेल्या आजींना घरात एखादा आवाज हवा असतो, चातुर्मासातील प्रवचन थेट पाहायचे असते, दूर असलेल्या पणतूचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर बघायचा असतो, नेमक्या त्याच वेळी पडदा दिवंगत पतीच्या नावाने पासवर्ड मागतो. बँकेच्या खात्याला वारस नोंदवण्याची दक्षता घेणाऱ्या घराण्यांना हा विचार परका वाटू नये.

पैसे कोणत्या खात्यातून जावेत, हेही ठरवून करावे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आवर्ती वजावटीचे नियम लागू आहेत. ग्राहकाने पहिल्या वेळी ओटीपीने मान्यता द्यावी लागते. पुढे अशा वर्गणीची १५,००० रुपयांपर्यंतची वजावट दर वेळी ओटीपी न मागता होते. मात्र पैसे वळते होण्यापूर्वी किमान २४ तास आधी संदेश आला पाहिजे, त्यात कोणाला, किती व केव्हा हे असले पाहिजे, आणि नको असल्यास थांबवण्याची सोयही असली पाहिजे. या संदेशाचे मोल मोठे आहे. दुर्दैवाने जाहिरातींच्या गर्दीत तोच वाचला जात नाही. पेढीचे चालू खाते किंवा कॅश क्रेडिट खाते अशा वर्गणीला जोडू नये. थोडी शिल्लक असलेले एक साधे बचत खाते घरच्या वर्गण्यांसाठी राखावे. कार्डाचा तपशील कोठे फुटला तरी हानी त्या शिलकेपुरतीच मर्यादित राहते.

जीएसटीचा मुद्दा व्यापारी घरांत हमखास चुकतो. ऑनलाइन खरेदीच्या खात्यात दुकानाचा जीएसटी क्रमांक भरून ठेवलेला असतो, काडीचे बिल त्याच क्रमांकावर निघते, ते महिन्याच्या २बी विवरणात दिसते आणि हिशेबनीस इतर बिलांबरोबर त्याचीही वजावट घेऊन मोकळा होतो. कायद्याच्या कलम १७(५) अन्वये वैयक्तिक उपभोगासाठी घेतलेल्या वस्तू व सेवांवर ही वजावट मिळत नाही. चुकीने घेऊन वापरलेली वजावट परत करावी लागते आणि तीवर १८ टक्के व्याज पडते. रक्कम पाच-सहाशेची असेल. नोटिशीला उत्तर देण्याचा खर्च त्याहून अधिक होतो. पेढीतून पैसे गेलेच असतील तर भागीदाराच्या उचल खात्यात नावे टाकावेत. आणि घरच्या वर्गणीवर दुकानातील पडद्यावर गिऱ्हाइकांसाठी क्रिकेट लावण्याचा मोह अनेकांना होतो. या वर्गण्या सामान्यतः खासगी वापरापुरत्याच असतात, हेही ध्यानी असू द्यावे.

सर्वांत मोठा धोका मात्र जोडणीच्या पहिल्याच तासात असतो. पडदा एक संकेतांक दाखवतो आणि तो मोबाइलवर भरण्यास सांगतो. येथे अडलेला माणूस इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधतो आणि पुढे दिसणाऱ्या पहिल्या क्रमांकावर फोन लावतो. पलीकडचा गोड आवाज ‘अ‍ॅक्टिव्हेशन चार्ज’ मागतो, किंवा मोबाइलमध्ये एक अ‍ॅप घ्यायला सांगतो, ज्यातून त्याला फोनचा पडदा दिसू लागतो. अशा दुरून ताबा देणाऱ्या अ‍ॅपविषयी रिझर्व्ह बँकेने बँकांना फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते. काडी सुरू करण्यासाठी वेगळे शुल्क नसते. असे शुल्क मागणारा लबाडच समजावा. क्रमांक हवा असेल तर खोक्यातील कागदावरचा घ्यावा. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. ‘सर्व चॅनेल जन्मभर मोफत’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनोळखी पेट्या तर घरात आणूच नयेत. अशा पेट्यांत कारखान्यातूनच घातक प्रणाली भरून येते आणि त्या घरच्या इंटरनेटचा उपयोग गुन्ह्यांसाठी करतात, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये दिला. ज्या वायफायवर पेढीची बँकिंग चालते, त्याच वायफायवर असा पाहुणा नको.

नातवाने परतण्यापूर्वी आणखी एक दिवस द्यावा. आजींच्या वापराची चार अ‍ॅप पहिल्या ओळीत आणावीत, बाकीची नजरेआड करावीत. लहान मुलांसाठी वेगळी प्रोफाइल करून खरेदीला पिन लावावा. एरवी सुट्टीतील पाहुण्या पोरांच्या एका बटणात भाड्याचा चित्रपट विकत घेतला जातो. आवाजाने शोधण्याचे बटण आजींकडून पाच-दहा वेळा दाबून घ्यावे, स्वतः दाबून दाखवू नये. खाते कोणत्या नावाने, कोणता क्रमांक, कोणती वर्गणी कोणत्या तारखेला संपते, हे घरच्या वहीच्या शेवटच्या पानावर मराठीत लिहावे. पासवर्ड मात्र त्याच पानावर नको.

वहीपूजनाच्या सुमारास ते पान एकदा वाचले म्हणजे ज्या वर्गण्या वर्षभरात कोणी पाहिल्याच नाहीत त्या सहज सापडतात. त्या बंद करताना काडी काढून कपाटात ठेवणे पुरेसे नाही. काडी निघाली तरी वर्गणीची वजावट चालूच राहते. ती त्या कंपनीच्या खात्यात जाऊन रद्द करावी, नंतर बँकेच्या किंवा यूपीआयच्या अ‍ॅपमधील मान्यताही काढून टाकावी. आणि जुनी काडी कोणास देऊन टाकायची असेल तर आधी तिच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘फॅक्टरी रीसेट’ करावे, कारण एरवी घेणाऱ्याच्या पडद्यावर देणाऱ्याचेच खाते उघडे राहते.